फार्मची माती

आमच्या घरात गॅस गळतोय असं मी जाहीर केलं, तेव्हा बायको न्हाणीघरात होती. मी तिला ओल्या केसांनी बाहेर काढलं, देवापुढचा दिवा फुंकून विझवला, पंखे बंद केले, खिडक्या उघडल्या आणि ठिणगी उडेल म्हणून बेल न वाजवता शेजारच्या दारावर बुक्के मारले. शेजारच्या गुजराती बेन हातात पळी घेऊनच बाहेर आल्या. आत त्यांची फोडणी जळत होती आणि बाहेर मी सगळ्या मजल्याला जिन्यावरून खाली उतरायला सांगत होतो. लोक उतरलेही. माझं म्हणणं कुणी इतक्या मुकाट्याने ऐकल्याचा तेवढा एकच प्रसंग माझ्या आठवणीत आहे.

गॅसवाला आला. त्याने शेगडीच्या नळीला साबणाचा फेस लावून पाहिला. एक बुडबुडा नाही. मग तो नाक पुढे करून स्वयंपाकघरातून हॉलमध्ये गेला, हॉलमधून गॅलरीत गेला आणि तिथल्या कुंड्यांवर वाकला. परत आला तेव्हा ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येणाऱ्या डॉक्टरसारखा त्याचा चेहरा झाला होता.

"साब, गॅस एकदम ठीक है," तो म्हणाला. "आपकी तुलसी लीक कर रही है."

पूनम सागर वसाहतीतल्या आमच्या बिल्डिंगीत हे वाक्य पुढे बरेच दिवस चाललं. वॉचमन मला गेटवर विचारायचा, "साब, तुलसी कैसी है?" बेन मात्र काही बोलल्या नाहीत. त्यांनी नुसती ती जळलेली कढई जिन्यात आमच्या बाजूला उपडी घालून ठेवली होती.

तर ही तुळस. रविवारच्या पुरवणीत घरच्या बागेबद्दल काहीबाही छापून येतं, ते वाचून त्या मे महिन्यात मी रंगाच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडली आणि त्यांत तुळस, कढीपत्ता, मोगरा आणि गवती चहा लावला. मातीही साधीसुधी नव्हती. स्कूटरवर दोन गोण्या घालून मी स्वतः खारी गावातून आणली होती. भेटेल त्याला सांगत होतो, "नर्सरीतली नाही हां, फार्मची माती आहे." सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय चालू असतानासुद्धा मी हे सांगितलं होतं. आठवड्याभरात तुळस काळी पडली. कढीपत्त्याने माना टाकल्या. दुपारची उन्हं गॅलरीत आली की त्या डब्यांमधून रॉकेलचा वास उठायला लागला, आणि मला तो गॅसचा वाटला. रॉकेल आणि गॅस यांच्या वासातला फरक ज्याला कळत नाही त्याने बागकाम करू नये, असं बायकोचं मत पडलं. ते मी मान्य केलं.

आता ती माती आली कुठून, ते सांगतो.

खारी म्हणजे भाईंदर पूर्वेचं जुनं गाव. आता चारी बाजूंनी इमारती आहेत आणि मधे कौलांचा एक पुंजका उरलाय. तिथली एक म्हातारी आमच्या गेटवर पाटी घेऊन बसायची. आम्ही परळची चाळ सोडून इकडे राहायला आलो तेव्हापासून बायको तिच्याकडूनच भाजी घ्यायची. तिला आम्ही मावशी म्हणायचो. पावसाळ्यात तिच्या पाटीत तिच्याच बांधावरची भेंडी आणि शिराळी असायची. दिवाळीनंतर ती घरचा तांदूळ आणायची. लालसर, जाड, शिजायला हट्टी.

गावामागे, खाडीच्या बाजूला, तिचं एक शेत उरलं होतं. इतरांची गेली होती. त्या गावात जमीन विकली असं म्हणायची पद्धत नव्हती. 'भरली' म्हणायचे. "त्यांची कधी भरली?" "आमची औंदा भरली." दुसरीकडे कुठेही शेत भरलं म्हटलं तर माणसं दाणा भरल्याचं समजतील. इथे भरली म्हणजे डम्परने भराव घातला, वर बिल्डिंगचा पाया आला आणि विषय संपला. मावशीची भरली नव्हती. गावात शेवटची तीच एक होती आणि तिला ते माहीत होतं.

खाडीकाठच्या शेताचं सगळं बांधावर असतं. बाहेर भरतीचं खारं पाणी, आत पावसाचं गोडं, आणि दोघांच्या मधे बांध. मागच्या पावसाळ्यात तो एका बाजूने खचला होता. पूर्वी असं झालं की अख्खा गाव खाडीतला चिखल कापून हातोहात पाट्या द्यायचा. आता पोरं मॉलमध्ये कामाला, सुना ब्युटी पार्लरमध्ये, आणि चिखल कापणारं माणूस मिळेना. बांध पावसाआधी झाला नाही तर भात नाही. हे तिने बायकोला गेटवर भेंडी निवडता निवडता इतक्या वेळा सांगितलं होतं की मलाही पाठ झालं होतं.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या पडीक जागेत डम्पर खाली व्हायला लागले. काळीभोर, भुसभुशीत माती आणि सिमेंटचे मोठमोठे तुकडे. मावशीने ड्रायव्हरला हटकलं, "कसली रं ही माती?" तो सहज म्हणाला, "फार्म की मिट्टी है, माई." तिला वाटलं, देवच पावला. तिने त्याला पाणी दिलं, गूळ दिला आणि म्हटलं, थोडी माझ्या बांधावर टाक. त्याला काय, तेवढीच गाडी कमी फिरवावी लागणार. खचलेल्या जागेवर त्याने ढीग टाकले. तिने पुतण्यांच्या हातापाया पडून ते सारखे करून घेतले आणि गावदेवीचं नाव घेऊन बांधावर नारळ फोडला. मी कुंड्यांसाठी माती विचारायला गेलो त्या दिवशी तो नारळ ताजा होता. तिने मला खोबरं दिलं आणि म्हणाली, "ने दोन गोन्या. तुझे कुंड्यांना. फार्मची हाय."

काळी माती चांगली असते, एवढं शेतीशास्त्र मला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक होतं. मी नेली.

गॅसच्या प्रकरणानंतर बायकोने ते डबे घरातून हद्दपार करून जिन्यात ठेवले. पुढच्या रविवारी तिचा भाऊ आला. धाकटा, एकुलता एक. सिव्हिलचा डिप्लोमा झालेला, एका कॉन्ट्रॅक्टरकडे साइट सुपरवायझर. लष्कराच्या एका विमानतळावर जुनं सगळं काढून नवं बसवायचं काम त्यांच्याकडे होतं. कुठल्या विमानतळावर हे बाहेर सांगायचं नाही अशी त्याला ताकीद होती, त्यामुळे तेवढं सोडून बाकी सगळं तो सांगायचा. काम सुरू झालं तेव्हा काही महिने तो आमच्याकडेच राहिला होता आणि रात्रीच्या जेवणाला आम्ही त्याच्याबरोबर तो विमानतळच जेवायचो. इंग्रजांनी लढाईच्या काळात घाईघाईने केलेली धावपट्टी, तिच्यावर ठिगळांवर ठिगळं. जमिनीत पुरलेल्या लोखंडी टाक्या, गंजून पापुद्रे सुटलेल्या. त्यांना जोडलेले पाइप कुठून कुठे गेलेत याचा नकाशासुद्धा कुणाकडे नाही. आता दुहेरी भिंतीच्या टाक्या येणार, थेंब गळला तर घंटा वाजणार, पावसाचं पाणी गाळून सोडणार. "एकदम पर्यावरणपूरक, भावोजी," तो म्हणायचा. मी मान डोलवायचो. मला मेहुण्याचा अभिमान वाटायचा, आणि दुसरी पोळी मागायला तीच वेळ बरी असायची.

त्या रविवारी तो जिन्यातच थांबला.

"ताई, हे रॉकेलचे डबे इथे काय ठेवलेत?"

"रॉकेलचे नाहीत," बायको आतून म्हणाली. "तुझ्या भावोजींची बाग आहे ती."

त्याने हसत हसत चिमूटभर माती उचलली आणि नाकाशी नेली. हसू तिथेच राहिलं.

"भावोजी, ही कुठून आणलीत?"

"खारीतून. फार्मची माती आहे," मी सवयीने म्हणालो.

"फार्मची म्हणून कोण म्हणालं?"

"डम्परवाला."

तो चपलांच्या कपाटावर बसला. "खोटं नाही बोलला तो," तो म्हणाला. "टँक फार्मची आहे."

मग त्याने समजावून सांगितलं. विमानांच्या इंधनाच्या टाक्या जिथे ओळीने पुरलेल्या असतात त्या जागेला टँक फार्म म्हणतात. साइटवर तशी पाटीच असते. ड्रायव्हरने ती वाचली आणि पुढे सांगितली. टाक्या उपसल्या तेव्हा खालची जमीन माणसाच्या उंचीच्याही खाली काळी निघाली होती. इतकी वर्षं थेंब थेंब मुरत गेलेलं.

"यात शेत कुठे आलं?" बायकोने विचारलं. ती हातातला झारा घेऊन दारात उभी होती.

"शेत नाही गं ताई. इंग्रजीत म्हणतात तसं."

"आणि ती इथे कशी आली?"

"ती लांब जायची होती. अशा मातीसाठी प्लास्टिक अंथरलेला खड्डा असतो, तिथे." तो बोटं पुसत होता. "पण काम उरकायची तारीख आली होती जवळ. इथला एक डम्परवाला मी तुमच्याकडे राहत असताना ओळखीचा झाला होता. तो म्हणाला, आमच्याकडे भराव पाहिजेच आहे. सगळीकडे असंच चालतं."

"तुला माहीत होतं?"

"भराव जातोय एवढं माहीत होतं." मग जरा थांबून, "भाईंदरला जातोय हे माहीत होतं. शेतावर जातोय हे नव्हतं, तुझी शप्पथ."

"म्हणजे भाईंदरला चालतं," बायको म्हणाली आणि आत गेली. तळणीतलं काढायचं राहिलं होतं. त्या दिवशी पुऱ्या काळ्या झाल्या. मी चार खाल्ल्या.

मला त्याचा रागही धड येईना. मी स्वतः घर आवरतो म्हणजे काय करतो? पाहुणे यायच्या आधी हॉलमधला पसारा उचलून माळ्यावर कोंबतो आणि बघा, हॉल कसा लख्ख झाला, म्हणतो. विमानतळाचा हॉल लख्ख झाला होता. आम्ही माळ्यावर राहत होतो.

संध्याकाळी आम्ही दोघं खारीला गेलो. मावशी बांधावर बसून ढेकळं फोडत होती. आम्हाला बघून तिने हातातला दगड खाली ठेवला.

"काय गो बाय, आज इकडं?"

"मावशी, ही माती शेतातली नाही," बायकोने सांगून टाकलं.

"मंग कुठली?"

पुढचं समजावायचं काम माझ्याकडे आलं. विमानतळ, टाक्या, तेल, गळती. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी हवेत तळहाताने विमान उतरवून दाखवतोय.

"विमान मना ठाव हाय," मावशी म्हणाली. "रोज डोक्यावरून जातान. पन शेत न्हाय तं फार्म कशाला बोलतान?"

तिने एक ढेकूळ उचलून तोडलं आणि वास घेतला. पुन्हा घेतला.

"वास येत व्हता. मना वाटला गारीचा हाय, डिजलचा. उन्हानं जाईल." तिने ढेकूळ परत बांधावर ठेवलं. मग माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाली, "काढला तं भरतीचं पानी आत. ठेवला तं ह्यो तेल आत. तुझे भावाला सांग, ही उचल आन् दुसरी टाक. पावसाचे आदी. पावसाचे आदी झालं तं माझं भात व्हतंय. नंतर न्हाय."

यात बायकोचा भाऊ आहे हे तिला कुणी सांगितलं होतं, ते मला आजही आठवत नाही. बायकोनेच सांगितलं असणार. मी विमान उतरवत होतो.

मग फोन सुरू झाले. बायको रोज करायची. भाऊ रोज हो म्हणायचा. हो ताई, माणूस पाठवतो. हो ताई, जेसीबी बघतो. एकदा फोन मी घेतला तर म्हणाला, "भावोजी, तुम्ही तरी समजून घ्या. कागदावर ती माती त्या खड्ड्यात पडलीय केव्हाच. आता ती भाईंदरला आहे असं म्हटलं की पहिली माझी नोकरी जाते." मी म्हटलं, बघ काहीतरी. 'बघ काहीतरी' हे माझं आवडतं वाक्य आहे. ते म्हटलं की आपण बाजू घेतल्यासारखं होतं आणि कुणाची ते ठरवावं लागत नाही.

तरी तो आला. आभाळ भरून यायला लागलं होतं. एक जेसीबी आणि एक रिकामा डम्पर घेऊन, स्वतःच्या खिशातून भाडं भरून आला. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण तो वाईट माणूस नव्हता आणि आजही नाही. बांधाशी आम्ही सगळे उभे होतो. मावशीने डोक्याला फडकं गुंडाळलं होतं. तिच्या पुतण्यांनी दुसरी माती म्हणून खाडीतला थोडा चिखल कापून कडेला रचून ठेवला होता. पुरेसा नव्हता, पण होता.

जेसीबीचा ड्रायव्हर म्हणाला, "साब, उठाने को उठाता हूँ. डालने का किधर?"

मेहुण्याने डम्परवाल्याकडे बघितलं. त्याने बांधापलीकडे बोट दाखवलं. तिथे खारफुटीची झाडं होती आणि त्यांच्यामागे खाडी. "उधर डाल देते हैं ना. पानी ले जाएगा. एक बारिश में सब साफ."

मेहुणा नुसता घड्याळाकडे बघत राहिला. जेसीबीवाल्याने ते हो समजून गाडी वळवली, तशी मावशी निघाली आणि त्या लोखंडी पंज्यापुढे जाऊन उभी राहिली. तिची उंची त्याच्या चाकाएवढी.

"तिकडं न्हाय."

"मावशी, अहो तुमचंच शेत वाचतंय," मेहुणा म्हणाला.

"तिकडं माझी जाव शिंपल्यातली कालवां कारते. आख्खा गाव कारतो. तिकडं न्हाय टाकायची."

"मग नेऊ कुठे?"

"जिथून आनली तिथं ने."

मेहुण्याने माझ्याकडे बघितलं. मी डम्परच्या नंबरप्लेटकडे बघायला लागलो. शेवटी तोच हळू आवाजात म्हणाला, "तिथे आता लॉन लावलंय, मावशी."

तिला लॉन म्हणजे काय ते कळलं असेल की नाही, मला माहीत नाही. "गवत?" तिने बायकोला विचारलं. बायकोने मान हलवली. "गवत लावलान," मावशी स्वतःशीच म्हणाली आणि पंज्यापुढून हलली नाही.

जेसीबीचं इंजिन थोडा वेळ चालू राहिलं, मग बंद झालं. जागा शोधतो आणि येतो, असं सांगून मेहुणा गेला. जाताना डम्परमधून एक निळी ताडपत्री काढून त्याने स्वतःच्या हाताने बांधावर पसरली आणि कडेला दगड ठेवले. पँटला काळं लागलं होतं. आमच्या घरी येऊन त्याने ती धुवायला टाकली. तो काळा डाग बायकोच्या हातून शेवटपर्यंत निघाला नाही.

तो जागा शोधत राहिला आणि पाऊस आला.

मावशीने तरी पेरलं. आम्ही म्हटलं, या वर्षी राहू दे. ती म्हणाली, बी घरात ठेवून काय करू, उंदरांना देऊ? एका कोपऱ्यात रोपं केली, मग लावणी केली. जुलैमध्ये एका रविवारी आम्ही बघायला गेलो. ताडपत्री वाऱ्याने कधीच गेली होती आणि कुणाच्या तरी झोपडीवर बसली होती. शेतात गुडघाभर पाणी, त्यात हिरवी रोपं, आणि पाण्यावर निळे-जांभळे रंग फिरत होते. वारा आला की ते लांबट व्हायचे, थांबला की गोल.

"काय सुंदर दिसतंय," माझ्या तोंडून गेलं.

बायकोने माझ्याकडे बघितलं. तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे पुष्कळदा तसं बघितलंय, पण बहुतेक वेळा मला त्याचं हसू येतं.

बांधाच्या बाजूची रोपं पिवळी होती. पुढच्या वेळी गेलो तेव्हा पिवळं आणखी आत सरकलं होतं. शेजारच्या भरावातूनही पाणी झिरपत होतं, म्हणजे बांध उचलला असता तरी काय झालं असतं कोण जाणे. मावशी पाण्यात उतरली, एक रोप उपटून तिने माझ्या हातात दिलं. मुळं काळी, बुळबुळीत.

"घे. वास बघ," ती म्हणाली.

मी बघितला. मग ते रोप कुठे ठेवावं ते मला कळेना. खाली टाकवेना. तसंच हातात धरून मी स्कूटरपर्यंत आलो, तेव्हा बायकोने ते काढून घेतलं आणि परत जाऊन पाण्यात, होतं तिथे, खोचून ठेवलं.

तक्रार कुठे करायची ते ऑफिसातल्या एकाने मला सांगितलं होतं. ते मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको भाकरी थापत होती.

"कुणी टाकली, ते विचारतील ना?" तिने विचारलं.

"विचारतील."

"मग?"

भाकरी तव्यावर पडली. तिने वरून पाणी फिरवलं. मी 'बघू काहीतरी' म्हणणार होतो, पण त्या दिवशी ते वाक्य मलाच नको झालं. आम्ही तक्रार केली नाही. मावशीने एकदाही विचारलं नाही, तुझा भाऊ परत आला का म्हणून. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं बायको म्हणायची. मावशी नेहमीसारखी गेटवर बसायची. फक्त पाटीत वसईची भाजी असायची, दुसऱ्याकडून घेतलेली, आणि ती पूर्वीसारखी बोट दाखवून 'ही माझी' म्हणायची नाही.

गणपती झाले, नवरात्र झालं. एका सकाळी ती मटार तोलता तोलता म्हणाली, "आमची भरली गो बाय."

बायकोचा हात पिशवीतच राहिला. "कधी?"

"काल लागल्या गाऱ्या. भात न्हाय तं भरून टाकलेली बरी. नुसती बघवत न्हाय."

"कसली माती टाकतायत?" बायकोने विचारलं.

"या टायमाला इचारलं न्हाय," मावशी म्हणाली, आणि तागडीत मूठभर मटार वर टाकून तिने पाटीवर ओलं फडकं ओढलं.

त्या वर्षी भाऊबीजेला मेहुणा आला तो खुशीत होता. विमानतळाचं काम वेळेत पुरं झालं होतं. मोठ्या साहेबांनी येऊन नवी पट्टी बघितली, टाक्या बघितल्या, हिरवळ बघितली, सगळ्यांचं कौतुक केलं. त्याला बढती मिळाली होती आणि पुढचं कामही तसंच, दुसऱ्या एका जुन्या विमानतळावर. कुठल्या ते त्याने या वेळीही सांगितलं नाही. बहिणीसाठी त्याने मोरपंखी रंगाची साडी आणली होती. मावशींचं काय झालं, असं त्याने मला हॉलमध्ये हळूच विचारलं. मी म्हटलं, भरली. तो म्हणाला, "हो का?" आणि मग, "चांगला भाव आला असेल पण." मी म्हटलं, असेल. पुढे आम्ही क्रिकेटवर बोललो.

बायकोने पाट मांडला, रांगोळी काढली. त्याने डोक्यावर रुमाल घेतला. तिने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी फिरवली, निरांजनाचं ताट त्याच्यासमोरून ओवाळलं. त्याने तिला वाकून नमस्कार केला, तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. सगळं नीट झालं. तो पोटभर जेवला, बासुंदी दोनदा मागून घेतली आणि अंधार पडायच्या आत निघाला. दोघं जिन्यात उभी राहून नेहमीसारखी थोडा वेळ बोलली.

तो गेल्यावर ती पाटावरच बसली. समोर ताट तसंच होतं. मी म्हटलं, "मला वाटलं होतं, आज तू त्याला काहीतरी बोलशील."

"काय बोलू?" ती म्हणाली. "एकुलता एक भाऊ आहे." मग ताटातल्या अक्षता बोटाने एका बाजूला सारत म्हणाली, "ओवाळताना भावाच्या तोंडाकडे बघायचं असतं. मी आज नुसती ज्योतीकडे बघत होते. त्याला कळलंसुद्धा नाही, अहो."